विळी असतांना सुरी कशाला?

परळच्या एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत पत्रांतून विचारिलें आहे कीं, “आमच्या सासूबाई विळीखेरीज दुसऱ्या हत्यारास हात लावीत नाहींत, आणि आम्हां सुनांना ओट्याशीं उभ्यानें सुरी चालविण्याची संवय झाली आहे. यावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. खरी भरंवशाची कोणती, तें एकदां सांगून टाकावें.” प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु माझ्या मनांत तो पन्नासांहून अधिक वर्षें ठाण मांडून बसलेला आहे, आणि त्याचें उत्तर मला भायखळ्याच्या चाळींत, फार वाईट प्रसंगीं मिळालें. म्हणून आधीं ती हकीकत सांगतें.

१९७१ सालीं आम्ही भायखळा स्टेशनाजवळ, मंडईपासून हाकेच्या अंतरावर राहत होतों. भाजीचा घाऊक बाजार तेव्हां तेथेंच भरे. पुढें १९९६ सालीं तो वाशीस गेला. तोंपर्यंत पहांटेच्या हातगाड्यांचा गलका हेंच आमच्या चाळीचें घड्याळ होतें. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसें, आणि मी त्या घरांत धाकटी सून म्हणून नुकतीच आलेली. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा दोन वर्षांचा होता. सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्याची झोळी करून ती त्याच्यासाठीं तुळईच्या कडीला टांगली होती. एके दुपारीं मोठ्या मुलांनीं खेळाच्या भरांत ती गरगर फिरविली. पीळ खालपर्यंत उतरला आणि कापडाचा वेढा मुलाच्या मानेला बसला. उलट फिरवावी तर वरचा पीळ कडींत घट्ट रुतलेला. जाऊबाईंनीं मुलाला वर उचलून धरलें, तरी वेढा सैल होईना.

सासूबाई विळी घेऊन धांवल्या, आणि ती हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या. भाजी विळीपाशीं नेतां येते. मुलाच्या गळ्यापाशीं विळी कशी न्यावी? मग मीं सुरी आणली. ती कापडावरून नुसती घसरूं लागली. तिची धार कोणीं घालविली होती तें मला पुरतें ठाऊक होतें. महिनाभर मीच तिनें तेलाच्या डब्यांचीं झांकणें उचकटीत होतें.

आरडाओरडा ऐकून तळमजल्यावरच्या एक बाई वर आल्या. मंडईंत लाल भोपळा आणि सुरण कापून विकण्याचा त्यांचा धंदा. नुकत्याच घरीं परतल्या होत्या. “वैनी, पोराला तसंच वर धरा, हलूं नका,” एवढेंच त्या बोलल्या. डाव्या हाताचीं दोन बोटें त्यांनीं कापड आणि मान यांच्यामध्यें सारलीं, आपली सुरी पाठ बोटांकडे व धार बाहेर अशी घातली आणि एका ओढींत लुगडें तोडलें. मूल क्षणभर गप्प राहिलें व मग मोठ्यानें रडलें. आज तो साठीच्या उंबरठ्यावर आहे. झोळीचें त्याला कांहींच आठवत नाहीं.

ती सुरी मीं नंतर मागून घेऊन पाहिली. पातें धार लावून लावून निम्में झिजलेलें, मुठीला चिंधी गुंडाळलेली. दुकानांत ठेवली असती तर कोणीं फुकटहि नेली नसती.

आतां परळच्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतें. विळी आणि सुरी हीं एकाच कामाचीं दोन हत्यारें नव्हेत. विळींत धार स्थिर असते व वस्तु फिरते. सुरींत वस्तु स्थिर व धार फिरते. रोजच्या कामांत पहिली रीत फार सोयीची. पाट पायाखालीं दाबलेला असल्यामुळें दोन्ही हात मोकळे राहतात. मेथी असो, अळूचीं पानें असोत कीं गवारीच्या शेंगा, मूठभर एकदम धरून चिरतां येतात, आणि पुढच्या खोवणीवर नारळहि निघतो. म्हणूनच ही युक्ति आपल्याच घरांत नाहीं; गोव्यांत तिला आदोळी म्हणतात, बंगाल्यांत बोंटी. गुडघे धड असेपर्यंत विळी सोडण्याचें कांहीं कारण मला दिसत नाहीं. गुडघे दुखूं लागल्यावरहि केवळ अभिमानानें तिच्यावर बसून राहणाऱ्या सासूबाई मात्र मला ठाऊक आहेत, आणि त्यांना सुनेनें वाद न घालतां ओट्यावर ठेवण्याची विळी आणून द्यावी.

परंतु संकटांत वस्तु धारेपाशीं येत नाहीं. धारच तिच्यापाशीं न्यावी लागते. ओढणी चाकांत गुंतते, दोरीची गांठ बसते, भाजलेल्या माणसाच्या अंगावरचें वस्त्र कापावें लागतें. येथें विळी निरुपयोगी आहे. तेव्हां दोन्ही पक्ष बरोबर आहेत आणि घरांत दोन्ही हत्यारें हवींत. भांडण मिटलें असें समजावें.

सुरी घेतांना चकाकीकडे पाहूं नये. पात्याचें शेंपूट मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें आहे ना, आणि तें दोन किंवा तीन रिबिटांनीं जखडलेलें आहे ना, हें प्रथम पाहावें. शेंपूट आंत बोटभरच गेलेलें असलें तर भोपळ्याला जोर लावतांच मूठ निखळते, आणि अपघात तेव्हांच होतो. मूठ ओल्या हातानें धरून पाहावी. दुकानदार नाक मुरडील, मुरडूं द्यावें. फळें व किरकोळ कामांस चार इंचांचें पातें पुरतें. कोबी, भोपळा, कलिंगड यांस सात-आठ इंचांचें लागतें. डझनाचा संच घेण्याची गरज नाहीं; असल्या संचांतल्या नऊ सुऱ्या पेटींतच म्हाताऱ्या होतात.

धातूविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जुन्या विळ्यांचें पातें साध्या पोलादाचें असे. त्याला धार चटकन लागते, पण लिंबू, कैरी, आमसूल यांनीं तें काळें पडतें व ओलें राहिल्यास गंजतें. न गंजणारें पोलाद १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें बनविलें. तो शोधीत होता बंदुकीच्या नळीसाठीं लवकर न झिजणारा धातु, आणि हातीं लागलें तें जगांतल्या स्वयंपाकघरांच्या उपयोगीं पडलें. त्यांतील क्रोमियममुळें पृष्ठावर एक अतिसूक्ष्म थर धरतो व तो गंज अडवितो. मात्र स्वस्त पातळ पात्यांचें पोलाद बहुधा मऊ असतें. धार आठवड्यांत बसते. जें काम करणार तें मनगटाच्या जोरानें नव्हे तर धारेनें व्हावें, हा हेतु असल्यास थोडे अधिक पैसे द्यावेत किंवा साधें पोलाद घेऊन तें रोज कोरडें पुसण्याची शिस्त लावावी. मला दुसरा मार्ग आवडतो; सुनांना पहिला.

बोथट सुरी निरुपद्रवी असते, ही समजूत घातक आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि बोटांत शिरते. धारवाल्याकडे सुरी देतांना चाकावर पाणी आहे कीं नाहीं तें बघावें. कोरड्या चाकावर ठिणग्या उडवून घासल्यानें कड तापते; ती निळी झाली कीं पोलादाचें पाणी उतरलें म्हणून समजावें, आणि मग तेवढा भाग झिजून जाईपर्यंत धार टिकत नाहीं. घरीं धारेचा दगड भिजवून, पात्याची पाठ करंगळीच्या जाडीइतकी उचलून, दोन्ही बाजू सारख्या ओढाव्या. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची बिनझिलईची कड वेळ भागविते.

संकटासाठीं वेगळें हत्यार ठेवावें. सुरीच असेल तर टोंक बोथट व पातें दातेरी असावें. दातेरी पातें दोर, पट्टा, जाड कापड यांना धरून कापतें, आणि बोथट टोंक घाईंत कातडींत शिरत नाहीं. त्याहूनहि सोपें साधन म्हणजे मलमपट्टीची कात्री. तिचा खालचा ओठ चपटा व गोल असल्यानें ती कापडाखालून अंगाला न टोंचतां सरकते. अपघाती रोग्याचे कपडे कापण्यास रुग्णालयांत हीच वापरतात. आमच्या त्या बाईंनीं दोन बोटांनीं जें केलें, तें हिचा ओठ करतो, आणि घाबरलेल्या हातालाहि तें जमतें. मोटार असेल त्यांनीं एक मोटारींतहि ठेवावी. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत, सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां, पाण्यांत बंद पडलेल्या मोटारींतून बाहेर न येतां आल्यानें कांहींजण दगावले. पट्टा कापण्याचें व कांच फोडण्याचें एकत्र साधन हल्लीं मिळतें. खिशांत मोठा चाकू बाळगून मात्र कोणीं हिंडूं नये. ९ इंचांहून लांब पात्याचीं, घरकाम वा शेतीखेरीज हेतूनें बनविलेलीं हत्यारें १९५९ च्या शस्त्रकायद्याखालीं येतात.

आणि कापलेंच तर? जखम वाहत्या पाण्याखालीं धरून स्वच्छ फडक्यानें दहा मिनिटें दाबावी, मधून मधून उघडून पाहूं नये. बोट बधिर झालें किंवा वाकेना, तर हळद भरून न बसतां तडक रुग्णालय गांठावें. धनुर्वाताची सुई केव्हां घेतली होती तें आठवावें. पातें रुतून बसलेलें असेल तर तें आपण उपसूं नये.

सुरी कुठें ठेवावी, हाहि प्रश्नच आहे. फडताळांत चमच्यांखालीं ठेवलेली सुरी संकटांत सांपडत नाहीं आणि एरव्हीं बोटांना सांपडते. आमच्या घरीं कात्री व सुरी दाराच्या आंतल्या बाजूस, मुलांच्या हाताच्या वर, खुंटीला असतात. ‘झांकण उघडायला जरा’ म्हणून त्यांस हात लावण्याची कोणासहि, मलासुद्धां, परवानगी नाहीं.

खंडेनवमीला आपण विळीला हळदकुंकू वाहतों. तिला धार आहे कीं नाहीं हें बहुधा पाहत नाहीं. मीं त्यासाठीं दुसरा दिवस ठरविला आहे. मुंबईच्या अग्निशमन दलाचें मुख्य ठाणें भायखळ्यासच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां आग विझवितांना दलाचे ६६ जवान मरण पावले. दर वर्षीं त्या दिवशीं त्यांचें स्मरण होतें. ठाण्यावरून जातांना लखलखीत पुसून तयार ठेवलेले बंब दिसत, आणि मला आमची तेलाच्या डब्यांची सुरी आठवे. तेव्हांपासून १४ एप्रिलला आमच्या घरीं विळी, सुऱ्या, कात्री हीं सर्व ओट्यावर येतात. रिबिटें हलवून पाहतों, दगड भिजवितों, आणि जुन्या लुगड्याची एक पट्टी कापून पाहतों. यंदा तें काम नातसुनेनें केलें. दातेरी सुरी पट्टींत मध्येंच अडली, म्हणून ती बाजूस काढून नवी आणावयास सांगितली आहे.