पंचविशीतल्या बाईला परत पाठवू नका

आमच्या वडखळ नाक्यावर एड्स म्हटलं की अजूनही ट्रकवाल्यांचीच गोष्ट निघते. त्यांच्या बायकांची, विधवांची निघत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. गोळ्या घेऊन ती वर्षानुवर्षं कामाला जाते, पण तिला अंगावरून जाण्याबद्दल कोण विचारतं?

सरकारच्या 2016च्या आराखड्यात तपासणी 30 ते 65 वयाला, पाच वर्षांतून एकदा. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिडचं पातळ पाणी लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. स्वस्त पद्धत, निकाल तिथल्या तिथे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने ही तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) 1 लाख 31 हजार बायकांच्या अभ्यासात, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. ॲसिडच्या एका तपासणीने म्हणावा तसा फरक पडला नाही. तुलनेसाठी त्यातल्या हजारो बायका तपासणीविना ठेवल्या होत्या. आपल्याच बायकांच्या शरीरावर मिळालेलं हे ज्ञान पेण-रोह्याच्या बाईपर्यंत पोचायला किती वर्षं लागणार?

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं: एचआयव्ही असलेल्या बाईची एचपीव्ही तपासणी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. आमच्याकडच्या एका शिबिरात मात्र सत्तावीस वर्षांच्या बाईला ‘तिशीनंतर या’ म्हणून परत पाठवलं. का आली, हे तिने चारचौघीत सांगायचं होतं का? एचआयव्ही कायदा 2017चा आहे; तो तिची गुप्तता राखायला सांगतो.

या बायकांत एचपीव्ही पुष्कळदा सापडतो, आणि सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. म्हणून दुसरी तपासणी लागते. ॲसिडची पद्धत तिथे उपयोगी पडते. ती मोडीत काढा असं मी म्हणत नाही.

एचपीव्हीसाठी नमुना बाईला स्वतः घेता येतो. आडोसा आणि एक काडी पुरते. टेबलावर पाय फाकून झोपायची लाज नाही, पुरुष डॉक्टर नाही. ती गोळ्यांसाठी एआरटी केंद्रात जातेच. काडी तिथेच द्या, निकाल पुढच्या खेपेला द्या, उपचाराची तारीखही तिथेच ठरवा. वेगळ्या रांगेसाठी तिचा आणखी एक रोज बुडवू नका. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आपण ही मागणी लेखी करू या.