पडदा म्हणेल तो भाव

नाशिकच्या उद्योगवर्तुळात सध्या एका सल्लागारांचं फार चालतं. समोर अंबडचे कारखानदार असोत की पिंपळगावचे कांदा व्यापारी, स्लाइड त्याच. दहा वर्षांचे आकडे संगणकात भरा, पडदा सांगेल तो निर्णय घ्या; अंदाज बांधणारा जुना मॅनेजर म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. त्याला नारळ द्या, एवढंच काय ते उघड म्हणत नाहीत.

ठीक. पडद्यालाच विचारू. डिसेंबर 2023, लासलगाव. ऑगस्टात कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलेलं, ऑक्टोबरअखेर टनाला किमान 800 डॉलरची अट आलेली. तरी माल जात होता. 7 डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यात बंद. खळ्यावर लाल कांदा. हा काही उन्हाळ नव्हे, की चाळीत भरून चार-पाच महिने भावाची वाट पाहावी. थोड्याच दिवसांत ढिगाला वास सुटतो. विकायचा की थांबायचं, हे लगेच ठरवणं भाग.

सल्लागार म्हणतील, जुन्या बंद्याही भरा की! भरू. 2019 ची बंदी 29 सप्टेंबरची, 2020 ची 14 सप्टेंबरची. हे गिळून बसलेला पडदा 2023 चा सप्टेंबर टळताच हिरवा दिवा लावून मोकळा झाला असता. लोकसभेची निवडणूक तोंडावर आलीय, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. पारावरच्या माणसाला मात्र ते दिसत होतं. पुढे तर कहरच. बंदी 31 मार्च 2024 पर्यंत म्हणून सांगितलेली. उठली 4 मेला, तीही 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क मागे ठेवून. मार्चअखेरीवर विसंबून सौदे करणाऱ्याला कुठला आलेख सावरणार होता?

बाकीचे आक्षेप किरकोळ. आकडे चुकीचे भरले तर पडदा तीच चूक रंगीत करून दाखवतो, आणि यंत्रणेचा वार्षिक खर्च स्लाइडवर कधीच नसतो.

वाद तसा जुनाच. बँकांत संगणक येणार म्हणून मोर्चे निघाले, तेव्हा एक बाजू म्हणे सगळे बेकार होणार, दुसरी म्हणे चुका संपणार. कारकून राहिले, चुकाही राहिल्या. ‘सिस्टिम डाऊन आहे’ हे उत्तर तेवढं नवं मिळालं.

म्हणून संगणक नकोच, असं नाही. 1971 मध्ये एमआयटीतल्या गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी ‘निर्णय साहाय्यक प्रणाली’ची कल्पना मांडली, ती नियमांत पुरत्या न बसणाऱ्या प्रश्नांसाठी: हिशेब यंत्राचा, कौल माणसाचा. द्राक्षात हे दिसतं. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्लॉटची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पॅकहाऊसची पेटी एका साखळीत येतात. नापास प्लॉटचा माल युरोपला जात नाही, आणि त्यासाठी मॅनेजरला फायलींचे गठ्ठे उपसावे लागत नाहीत. 2010 मध्ये मात्र क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांमुळे कंटेनर युरोपात अडकले, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. ते यादीत घालायला पुन्हा माणसंच बसली.