सूर झटपट जुळावा, वीज थोडी लागावी

राजगड आणि तोरणा यांच्या सावलीतील वेल्ह्याच्या खोऱ्यांत आषाढ उतरला की ओढे फुगतात, डोंगरउतार पाण्याने जड होतात आणि दुर्गम वाड्यांचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क क्षीण होतो. ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तोच घाला पडला. अशा प्रत्येक आघातानंतर डोंगरांवर पूर्वसूचना देणारे संवेदक बसवण्याची मागणी होते. मागणी रास्तच आहे. परंतु जेथे विजेची तार पोहोचलेली नाही आणि ऐन पावसाळ्यात सूर्यदर्शनही दुर्लभ असते, तेथे असे उपकरण एका बॅटरीवर किती काळ तग धरणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग तांदळाच्या दाण्याहूनही लहान जागेत मावणाऱ्या एका मंडलात दडलेला आहे. त्याचे नाव फेज-लॉक्ड लूप, म्हणजेच पीएलएल.

मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी तानपुऱ्याशी तबला जुळवतो. कान फरक टिपतो, हातोडी तो दूर करते आणि सूर एक होईपर्यंत हे चक्र चालते. पीएलएलमध्ये नेमके हेच घडते. स्फटिकाची स्थिर लहर म्हणजे तानपुरा. तिच्याशी जुळायचे असते आंदोलकाला. त्याची शीघ्र लहर विभाजक ठरावीक पटीने मंद करतो, तुलनाकार दोन्ही लहरींच्या कलांमधील अंतर मोजतो आणि त्यानुसार आंदोलकाचा दाब कमी-अधिक होतो. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसिझ याने १९३२ मध्ये रेडिओग्रहणासाठी मांडलेली ही कल्पना आज प्रत्येक भ्रमणध्वनीत नांदते आहे.

अडचण येते ती घाईची. हातोडीचे घाव जोरदार घातले तर तबला लवकर सुराजवळ येतो, पण स्थिर होत नाही. हलके घातले तर सूर निर्मळ लागतो, पण वेळ जातो. मंडलाचा पट्टा रुंद ठेवला तर जुळणी शीघ्र होते. परंतु संदर्भ लहरीचे अवांछित पडसाद उमटतात. म्हणूनच हा पट्टा सामान्यतः संदर्भ वारंवारतेच्या एक दशांशाहून कमी राखावा लागतो. शिवाय आंदोलक आणि त्याला जोडलेला शीघ्र विभाजक हे या मंडलातील विजेचे मुख्य भोक्ते आहेत.

डोंगरावरचा संवेदक बहुतेक वेळ निद्रिस्त असतो. तो जागा होतो, सूर जुळवतो, चार आकड्यांचा निरोप धाडतो आणि पुन्हा निजतो. प्रत्यक्ष निरोप धाडताना सर्वाधिक वीज शक्तिवर्धक खातो, हे खरेच. परंतु जुळणी पूर्ण होईपर्यंत खर्चलेली प्रत्येक कणभर ऊर्जा निव्वळ वाया जाते आणि निरोप जितका छोटा, तितका हा अपव्यय डोळ्यांत भरतो. म्हणून जुळणीचा वेळ आणि विजेचा वापर या दोन समस्या वेगळ्या नाहीतच. वेळ वाचला की वीज वाचते.

यावरचे उपायही तबलजीच्या रीतीचेच आहेत. तो आधी गठ्ठे ठोकून ढोबळ सूर धरतो, मग गजऱ्यावर हलके आघात करून बारीक सूर लावतो. त्याप्रमाणे मंडलाचा पट्टा आरंभी रुंद ठेवून जुळणी होताच अरुंद करता येतो. अपूर्णांकी विभाजकामुळे संदर्भ लहर अधिक शीघ्र निवडता येते आणि पट्ट्याची मर्यादा सैल होते. मागच्या खेपेचा ढोबळ सूर स्मृतीत साठवला तर पुढच्या खेपेला शोध शून्यापासून करावा लागत नाही. केवळ तापमानाने पडलेला फरक भरून काढायचा उरतो.

यांपैकी कशासाठीही अवाढव्य कारखान्याची पूर्वअट नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून चर्चा फिरते ती कारखान्यांभोवती आणि नॅनोमीटरच्या आकड्यांभोवती. सूक्ष्मतर मापाने विभाजकाची वीज वाचते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भारतात अशा उपकरणांसाठी परवानामुक्त असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारे मंडल मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेतील १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेतही घडवता येते. येथे निर्णायक ठरते ते रचनाकाराचे कसब. लहरी जुळवण्याची विद्याही या भूमीला परकी नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी उभारल्या गेल्या. सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या या दुर्बिणींतील आंदोलक मूळ रचनेत मध्यवर्ती केंद्रातून आलेल्या एकाच संदर्भाशी बांधलेले होते. जे कसब आकाशगंगांसाठी वापरले, ते डोंगरकपारीतील वाडीसाठी वापरायला कोणती आडकाठी आहे?

कमतरता आहे ती योग्य मागणीची. शासकीय निविदा उपकरणाची किंमत आणि पल्ला विचारते. तिने आणखी एक आकडा मागितला पाहिजे: जागे होण्यापासून पुन्हा निजेपर्यंत एका निरोपामागे एकूण किती ऊर्जा खर्च होते? हा आकडा बंधनकारक होताच उत्पादकाला जुळणीचा वेळ दडवता येणार नाही आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना संशोधनाचे निश्चित लक्ष्य मिळेल. परीक्षेसाठी वेल्ह्याची पावसाळी खोरी जवळच आहेत.

गडावरचा पहारेकरी दोन गुणांवर पारखला जातो. हाक येताच तो सावध झाला पाहिजे आणि अल्प शिध्यावर त्याने तग धरला पाहिजे. दरडीच्या छायेत निजणाऱ्या वाड्यांच्या पहाऱ्यावर जे यंत्र बसवायचे, त्याची पारख याहून वेगळी असू नये.