कॅटमरानने अलिबागला



आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून समुद्र दिसत नाही. हा भाग अबू धाबीच्या बेटावर नाही, मुसफ्फाशेजारी आतल्या जमिनीवर आहे. तरी डिसेंबर जवळ आला की आमच्या घरी प्रश्न निघतोच: मुलांना अलिबाग दाखवायला न्यायचे, ते रस्त्याने की बोटीने?

मुंबईहून रस्त्याने शंभरेक किलोमीटर, बराच वेळ मोडतो. गेटवेवरून कॅटमरान तासाभरात मांडव्याला पोचते, पुढे बस. आजी-आजोबांना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवत असेल!

बाळांनो, कॅटमरान हा शब्द मूळ तमिळ. ‘कट्टुमरम’ म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. आजच्या कॅटमरानला खाली दोन अरुंद होड्या जोडल्यासारख्या असतात आणि वर एकच रुंद डेक. पाय फाकून उभा राहिलेला माणूस सहज पडत नाही ना? तशीच ही बोट एका अंगाला कमी कलते. अरुंद असल्याने पाणी कमी अडवते, म्हणून वेगही मिळतो. मात्र लाटा उठल्या की धक्के बसतात, मळमळते. म्हणून पोट भरून चढू नका.

पण बोट नवी असली तरी समुद्र जुनाच आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसे गेली. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एका प्रवासी बोटीत पाणी शिरले. पोलिसांची गस्ती बोट वेळेवर पोचली, म्हणून ८८ जण वाचले. पावसाळ्यात कॅटमरान बंद ठेवतात, ते उगाच नाही. त्याच २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली. गुडघे दुखणाऱ्यांनी तिचाही विचार करावा.

अलिबागला पोचलात की जवळच्या नवगावला जरूर जा. आपल्या पूर्वजांचे जहाज तिथे फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती गोष्ट मुलांना तिथेच, समुद्राकडे बघत सांगा.

आणि बोटीत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या. आधी नातवंडांना घाला, मग स्वतः घाला. गर्दी फार दिसली तर सरळ पुढची बोट धरा. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही!