चाकांवरची दिंडी

आषाढी समीप आली की पायी दिंड्यांप्रमाणे सायकलस्वारही पंढरीची वाट धरतात. नाशिकची सायकलवारी आता सर्वपरिचित आहे. सास्तूरहून सोलापूरमार्गे रात्रभर, भर पावसात निघू पाहणाऱ्या तरुणांस वडीलधारे विचारतात, 'चाकावरची ती वारी कसली?' आमच्या मते वारीची खरी कसोटी सोबतीत आहे.

पायी दिंडीत मागे राहिलेल्यास टाळमृदंगाचा नाद वाट दाखवितो. सायकलवर मागे पडलेला मात्र क्षणात अंधारात हरवतो. निसरड्या रस्त्यावर मागून येणाऱ्या मालमोटारीसही तो दिसत नाही. म्हणून सर्वांत मंद स्वाराच्या गतीने सर्वांनी चालावे, मागचे दिवे तपासावेत, झड वाढताच देवळाच्या ओसरीवर थांबावे.

अंधारातील हाकेचे मोल सास्तूरला कोणी सांगावयास नको. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने ते उद्ध्वस्त केले.

मातापित्यांच्या सेवेत मग्न पुंडलिकाने देवालाच विटेवर थांबविले. सोबत्याच्या पंक्चरपायी आपणांस उशीर झाला, तर तो विठुराया का रागावेल?