बाकडं कुणाच्या मालकीचं?

आमच्या नगरच्या चर्चमध्ये नवा माणूस आला की त्याला तीन गोष्टी विचारतात. नाव काय, आडनाव काय, गाव कुठलं. नाव नुसतं रीत म्हणून. खरी चौकशी आडनावाची आणि गावाची. नेवासा, शेवगाव, राहुरी, वडाळा मिशन असं काही उत्तर आलं आणि आडनाव ओळखीचं निघालं, की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो. “म्हणजे तुम्ही अमक्या मास्तरांचे कोण?” नातं लागलं की माणूस आत आला म्हणून समजा. नाही लागलं तर “बरं, बसा” एवढ्यावर भागतं. आडनावावरून आणखी काय काय ताडलं जातं, ते महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, तरी कोण कुठल्या वाड्यातला हा हिशोब आमच्यातून पुरता गेलेला नाही. हे पेपरात छापून आलेलं आमच्या काही मंडळींना आवडणार नाही. न आवडो.

मी एसटीत कंडक्टर होतो, तारकपूर डेपोला. निवृत्त झाल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी मला रविवारच्या उपासनेला दारावर उभं केलं. उपासना-संगीताची पुस्तकं वाटायची, म्हाताऱ्या माणसांना पायरी चढवायची, दानाच्या थैल्या फिरवायच्या. म्हणाले, “तुम्हाला माणसं बसवायची सवय आहे.” सवय आहेच. पाथर्डीच्या गाडीत मोहट्याच्या यात्रेला जिथं पन्नास बसतात तिथं नव्वद चढवलेली आहेत, आणि आधी बसलेला कितीही कुरकुरला तरी त्याला सरकायला लावलेलं आहे. गाडीत चढलेला प्रत्येक माणूस दुसऱ्या मिनिटाला जुना होतो आणि पुढच्या थांब्यावर चढणाऱ्याला “जागा नाही” म्हणून सांगतो, हे मी नोकरीभर पाहिलं. चर्चच्या दारात उभा राहिल्यापासून तेच पाहतो आहे.

आता येतं कोण, ते सांगतो. सगळ्यात जास्त येतात ती आपल्याच जिल्ह्यातली माणसं. मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी गाव सोडून सावेडीत, बोल्हेगावात, केडगावला भाड्यानं राहायला आलेली. त्यांना भाषेची अडचण नाही, तरी सहा-सहा महिने त्यांच्या घरी मंडळीतलं कुणी चहाला गेलेलं नसतं. मग दवाखान्यांतल्या केरळच्या नर्सबाई. त्या रात्रपाळी उतरून थेट येतात आणि उपदेशात डोळा लागला म्हणून मागून कुजबुज ऐकतात. नगर हे लष्कराचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं इथं. त्यामुळे मिझोराम, नागालँड, तमिळनाडूकडचे जवान आणि त्यांची कुटुंबं येतात, दोन-तीन वर्षं राहतात, बदली झाली की जातात. आणि आता नागापूर एमआयडीसीत कामाला आलेली झारखंड-ओडिशाकडची पोरं.

त्यातलंच एक कुटुंब. सिमडेगाचं. नवरा एका कारखान्यात वेल्डर, बायको, कडेवर वर्षाचं पोर. थंडीचे दिवस होते. ती दोघं डावीकडच्या तिसऱ्या बाकड्यावर बसली. मीच बसवली. हातात हिंदी बायबल. आमच्याकडची बरीच बाकडी कुणी ना कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली आहेत, पाठीवर पांढऱ्या रंगात नाव असतं. पहिलं गीत संपता संपता त्या बाकड्याच्या घरच्या आजी आल्या. बोलल्या काहीच नाहीत. बाकड्याच्या टोकाला उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि पाठीवरच्या नावावर हात ठेवला. त्या वेल्डरला मराठी वाचता येत नव्हतं, पण हात कळला. तो उठला, बायकोला उठवलं आणि शेवटच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. मी पुढं होऊन खुर्च्या आणीपर्यंत पोर रडायला लागलं आणि बाई बाहेर गेली. प्रभुभोजनाच्या आधी दोघंही गेली होती.

पुढं तो मला एमआयडीसीच्या चौकात भेटला. मी विचारलं, येत का नाही? म्हणाला, “काका, वहाँ सब घरवाले लोग हैं।” आता तो दुकानांच्या वरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला जातो. तिथं ढोलकी आहे, की-बोर्ड आहे आणि सोमवारी संध्याकाळी फोन येतो: काल आला नाहीत, पोराला बरं आहे ना? आमचे वडीलधारे या फेलोशिपवाल्यांवर फार चिडून असतात. आमची मेंढरं पळवतात म्हणतात. त्या मंडळींच्या शिकवणुकीतलं सगळंच मला पटतं असं नाही, आरडाओरडा तर नाहीच. पण पळवायला मेंढरू आधी आपल्या वाड्यात असावं लागतं. हे तर आम्ही भिंतीशी उभं केलेलं होतं.

त्या वेल्डरच्या गावाकडची मंडळी कुठली, ते मी त्याला मुद्दाम विचारलं. गोस्नर मिशनची. जर्मनीहून आलेले ते मिशनरी १८४५ मध्ये रांचीला पोचले. म्हणजे ज्याला आम्ही ‘बाहेरचा’ समजून उठवला, त्याची मंडळी आमच्याहून जेमतेम डझनभर वर्षांनी धाकटी.

आमची कधीची? अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं १८३१ मध्ये सुरू झालं आणि १८३३ मध्ये इथली पहिली मंडळी स्थापन झाली. तेव्हा जुनं कोण होतं? कुणीच नाही. मिशनरी समुद्रापलीकडून आलेले. सिंथिया फरार ही एकटी, बिनलग्नाची बाई अमेरिकेतून १८२७ मध्ये मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये गेली. हेन्री बॅलन्टाइनसाहेब मराठी शिकले आणि मराठीत गीतं रचू लागले. ती आम्ही ‘आपली जुनी गीतं’ म्हणून डोळे मिटून म्हणतो. आणि इकडची माणसं? बहुतेक गावकुसाबाहेरची, ज्यांना गावानं पाण्यालाही शिवू दिलं नव्हतं. हरिपंत खिस्त्यांसारखे एखाद-दोघे ब्राह्मण घरातून आलेले, ज्यांना घरानं दार लावलं. हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. एकमेकांच्या सावलीलाही न जाणारी माणसं एका छपराखाली एका भाकरीला हात लावत होती. सगळेच नवे होते, म्हणून तर ते जमलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव घेतल्याशिवाय नगरच्या ख्रिस्ती माणसाचं बोलणं पुरं होत नाही. टिळकांची गोष्ट सुरू होते ती रेल्वेच्या डब्यात. १८९३ च्या सुमाराला राजनांदगावच्या प्रवासात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले, कवितेवर बोलत बसले आणि उतरताना नव्या कराराचं पुस्तक हातात ठेवून गेले. त्या गृहस्थांनी टिळकांना आडनाव विचारलं असेल-नसेल, पण आधी गप्पा मारल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि टिळक नगरला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच आल्या नाहीत. पुढं आल्या त्याही आपली चूल वेगळी, पाणी वेगळं अशा. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. मिशनच्या माणसांच्या गराड्यात एक बाई सोवळं सांभाळून राहते आहे, आणि तिला कुणी “आधी आमच्यासारखी हो, मग राहा” असं म्हणत नाही. तिला तिच्या चालीनं चालू दिलं. ती आपण होऊन आली, तेव्हा महाराष्ट्राला लक्ष्मीबाई टिळक मिळाल्या. बाईंना कुणी तेव्हा बाकड्यावरून उठवलं असतं तर आपण आज काय वाचलं असतं?

टिळक तर पुढं याहून लांब गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळेच त्यात बसू शकतील असा. दोनच वर्षांत ते वारले आणि दरबार फारसा वाढला नाही. त्यांच्या तसबिरीला आम्ही हार घालतो. दरबाराचं नाव काढत नाही.

सध्याच्या दिवसांत हे अवघडही झालंय, ते मी नाकारत नाही. अनोळखी माणूस दारात उभा राहिला, की स्वागताच्या आधी मनात पाल चुकचुकते. हा कोण? मोबाइल का काढला? व्हिडिओ करतोय का? उद्या कुठं काय म्हणून दाखवेल? शेजारधर्मानं चर्च बघायला आलेल्या दोन कॉलेजच्या मुलांना मी स्वतः फाटकाशी हटकलं, इतकी ही भीती अंगात मुरली आहे. पण भीतीमुळे दार अर्धं लावायचं ठरवलं, की ते सगळ्यांनाच अर्धं लागतं. सिमडेग्याच्या वेल्डरलाही, नर्सबाईंनाही.

भीती नसलेली गर्दी बघायची असेल तर सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला जावं. एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी ओळखलं जाणारं हे गाव आता मतमाउलीच्या यात्रेसाठी ओळखलं जातं. कॅथलिक धर्मग्रामाची यात्रा, पण नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू बायाबापड्याही असतात. मी जादा गाडीवर ड्यूटी केलेली आहे. कपाळाला कुंकू लावलेली म्हातारी आणि गळ्यात जपमाळ घातलेली म्हातारी एकाच सीटवर, एकीच्या मांडीवर दुसरीची पिशवी. तिथं मांडवात कुणी कुणाला गाव विचारत नाही. विचारलं तर परतीच्या गाडीची सोय बघायला. आम्ही प्रोटेस्टंट या यात्रांकडं जरा नाक मुरडून बघतो. माणूस सामावून घेण्याच्या बाबतीत मात्र तिथून शिकायला हरकत नाही.

आमच्याकडंही एकदा जमलं, तेही कुणी ठरवून नाही. कापणीच्या सणाला आमच्याकडं लोक शेतातलं, परसातलं आणून देतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. ज्वारीचं पोतं, शेवगा, गावरान अंडी, घरचा केक. भोपळ्यावर बोली चढली आणि मागून एक मिझो जवान हात वर करतच राहिला. भोपळा त्यानं बाजारभावाच्या पाचपट पैशांना घेतला, आणि मग काय करायचं हे न कळून महिला मंडळाच्या बायकांना देऊन टाकला. बायकांनी त्याला सोडलं नाही. “अहो दादा, घेतलाय तर चिरायलाही बसा!” तो प्रीतिभोजनाच्या चुलीपाशी बसून भोपळा चिरू लागला. तिथं कुणीतरी विचारलं, गिटार येते का? येत होती. पुढच्या रविवारी तो गायकवर्गात. मराठी गीतं रोमन लिपीत वहीत लिहून घ्यायचा. ‘ळ’ त्याला शेवटपर्यंत जमला नाही. बदली झाली तेव्हा मंडळीतली निम्मी माणसं स्टेशनवर होती.

माझं म्हणणं त्या चुलीपाशी आहे. आम्ही स्वागत म्हणून काय करतो? “आज आपल्यामध्ये नवीन आलेल्यांनी कृपया उभं राहावं.” ते बिचारे उभे राहतात, सगळे माना वळवून बघतात, टाळ्या, गुलाबाचं फूल, बसा. नव्या माणसाला नको असलेली एकच गोष्ट आम्ही त्याला देतो: सगळ्यांनी बघणं. त्याला काम द्या. थैली फिरवू दे, खुर्च्या लावू दे, चहा गाळू दे. हातात काम असलेला माणूस पाहुणा उरत नाही. महिन्यातून एका रविवारी शास्त्रपाठ हिंदीतून वाचला तर मराठीला धक्का लागत नाही. वाचायला त्या वेल्डरलाच उभं करा. आणि सोमवारचा फोन आपणही करू शकतो. त्याला की-बोर्ड लागत नाही.

मग हे होत का नाही? परक्याला घरात घेण्यावर उपदेश दरवर्षी होतो, मत्तयचा पंचविसावा अध्याय आमच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. अडचण उपदेशाची नाही, मतदारयादीची आहे. सभासद व्हायचं तर आधीच्या मंडळीचं बदलीचं पत्र आणा, वर्गणी भरा, कमिटीची मंजुरी घ्या. पत्र आलं तरी अर्ज फायलीत पडून राहतो, कारण नवा सभासद म्हणजे निवडणुकीत नवं मत, आणि ते कुठल्या पॅनलचं हे कुणाला सांगता येत नाही. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एक झाल्या. एवढे मोठे पंथ एकत्र येऊ शकले, आणि एका वेल्डरचा अर्ज आमच्या टेबलावरून पुढं सरकत नाही.

दुसऱ्यांनी हसू नये. सावेडीतल्या सोसायट्यांत भाडेकरूला गणपतीची वर्गणी मागतात आणि बैठकीला बोलावत नाहीत, ते काय वेगळं आहे? पण त्यांचं ते बघतील. मी माझ्या दारापुरतं बोलतो.

आमच्या मंडळीच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी दोन ठराव लिहून दिले आहेत. बाकड्यांवरची नावं काढून ती सगळी एका फलकावर, मानानं, प्रवेशद्वाराशी लावावीत, हा पहिला. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर तो मंजूर समजावा, हा दुसरा. पहिल्या ठरावाला अनुमोदन त्या तिसऱ्या बाकड्याच्या आजींनीच दिलं आहे. दुसऱ्याला अजून अनुमोदक मिळालेला नाही.