चोरट्यानं एकटं जाऊ नये

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला नव्यानं बसणाऱ्या बऱ्याच जणांना चोरटाच व्हायचं असतं. पुस्तकात या क्लासचं नाव ‘रोग’ आहे, मी आपला चोरटाच म्हणतो. अंगावर काळा झगा, कमरेला दोन खंजीर, मागे-पुढे कुणी नाही, कुणावर विश्वासही नाही. असं पात्र हौसेनं घ्या. फक्त पहिल्या लेव्हलला ते जगवायचं असेल, तर ‘मी एकटाच पुरेसा’ हा बाणा घरी ठेवून या.

आधी हिशेब बघा. मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरून बोलतोय. डेक्स्टेरिटी १६ आणि कॉन्स्टिट्यूशन १४ असेल, तर पहिल्या लेव्हलच्या चोरट्याचे हिट पॉइंट्स १०, आणि साध्या चामडी चिलखतात आर्मर क्लास १४. गॉब्लिन वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवून वार करतो, म्हणजे त्याला १० किंवा वर पडलं की तुम्हाला लागलं. निम्म्याहून जास्त वेळा लागतंच. एका वाराचं नुकसान सरासरी साडेपाच. दोन वार बसले की तुम्ही आडवे. आणि गॉब्लिन एकेकटे कुठे येतात?

२०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्वर’ नावाची मोहीम आहे. तिच्या सुरुवातीलाच ट्रायबोर ट्रेलवर दोन घोडे मरून पडलेले दिसतात. (मोहीम फोडली म्हणून खेळ चालवणाऱ्या डीएम मंडळींनी रागावू नये, हे अगदी पहिल्याच बैठकीत येतं.) इथे चोरट्याचा खेळाडू हमखास म्हणतो, “थांबा, मी पुढे जाऊन बघतो.” झाडीत चार गॉब्लिन दबा धरून असतात. दोघं अंगावर येतात, दोघं तीस फुटांवरून बाण सोडतात. पार्टी साठ फूट मागे राहिली असेल, तर फायटर धावत सुटला तरी तुमच्यापर्यंत पोचण्यातच त्याची पाळी संपते. तोवर तुमचा निकाल लागलेला असतो.

आता तेच चार गॉब्लिन, पण तुम्ही फायटरच्या पाठीशी आहात. स्नीक अटॅकचा नियम नीट वाचा, अर्धे नवखे तो चुकीचा समजतात. त्यासाठी दर वेळी लपावं लागत नाही. तुमचा साथीदार शत्रूपासून पाच फुटांच्या आत उभा असेल, तो शुद्धीवर असेल आणि तुम्हाला डिसअ‍ॅडव्हान्टेज नसेल, तर तेवढं पुरतं. हत्यार मात्र फिनेस प्रकारचं किंवा लांबून मारायचं हवं. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर पहिल्यांदा आला तेव्हा त्याला शत्रूच्या मागे जाऊन वार करावा लागे, आणि हिट पॉइंट्ससाठी त्याच्या हाती चार बाजूंचा फासा असे. त्या मानानं तुमचे लाड आहेत.

गॉब्लिनचे हिट पॉइंट्स ७. तुमच्या शॉर्टसोर्डचे १ ते ६, डेक्स्टेरिटीचे ३, वर स्नीक अटॅकचा आणखी एक सहाचा फासा. वार लागला, तर छत्तीसपैकी तेहेतीस वेळा गॉब्लिन तिथेच संपतो. फायटरनं शत्रू अडवून धरायचा आणि तुम्ही आपली पोळी भाजून घ्यायची, यात कमीपणा काही नाही. नियमच तसा लिहिलाय.

जवळून लढायचं तर पहिल्या लेव्हलला मी रेपियरपेक्षा दोन शॉर्टसोर्ड घ्यायला सांगेन. पहिला वार हुकला तर बोनस अ‍ॅक्शननं दुसरा करता येतो. गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, तुमचे ५ मिळवून एक वार लागण्याची शक्यता ५५ टक्के; दोन संधी मिळाल्या की ती ८० च्या घरात जाते. पण खरं सांगायचं तर शॉर्टबोच बरा. ८० फुटांपर्यंत बिनदिक्कत मारता येतं, स्नीक अटॅकही लागू होतो, आणि झाडाआड उभं राहिलं की आर्मर क्लासमध्ये २ ची भर.

दुसऱ्या लेव्हलला कनिंग अ‍ॅक्शन मिळते. वार करायचा, बोनस अ‍ॅक्शननं डिसएंगेज करून मागे सरायचं. किंवा बाण सोडून पुन्हा लपायचं. चोरटा खरा चोरटा होतो तो इथे. तिथवर पोचायला ३०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. चार गॉब्लिनांचे २०० चौघांत वाटले तर वाट्याला ५० येतात, म्हणजे असे सहा सामने. तेवढे निभावून न्या.

पैसे हातात आले की आधी ५० सुवर्णनाण्यांची हीलिंग पोशन घ्या, भारी खंजीर नंतर. पेटी दिसली की कुलपाला हात लावण्याआधी डीएमला विचारा, सापळा दिसतोय का. आणि साथीदारांच्या पिशव्या कापू नका. ‘माझं पात्र तसंच आहे’ ही सबब टेबलावर कुणालाच आवडत नाही. शून्यावर पडाल तेव्हा डेथ सेव्हिंग थ्रो तीनदा फसायच्या आत धावत यायचं की नाही, हे तीच माणसं ठरवणार असतात.

पुढच्या वेळी खेळायला बसाल तेव्हा फासे काढण्याआधी फायटर आणि क्लेरिकच्या खेळाडूंशी दोन मिनिटं बोला. मी कुणाच्या मागे उभा राहू आणि मी पडलो तर कोण येणार, एवढं ठरवून घ्या.